लेहरा

पत्रिकेवर माझं नाव नाही.
'संवादिनी' छापलंय, पुढं दोन टिंबं,
खाली एकदम चहापानाची वेळ.

साखर पेठेत बिटलांचा बंद कारखाना.
माग भंगारात गेले; फरशीवर उरलेत
बोल्टांची भोकं, तेलाचे नकाशे.
त्यावर अंथरल्या दुसऱ्या नंबरच्या चादरी,
विणताना ज्यांचे मोर चुकले होते:
एकाला पाय नाहीत, एकाला दोन माना.
माणसं मोरांवर मांडी घालून बसली.

आधी शारदा हिरेमठ यांचा मारवा.
षड्जाच्या दारापर्यंत जायचं
आणि कडी न वाजवता माघारी यायचं,
तासभर तेच.
मागून कुणीतरी पुटपुटलं,
"आपल्या नळासारखंच की ओ."
पाचवा दिवस होता.
बाई हसल्या नाहीत, पण पुढच्या तानेला
षड्ज दिला, काठोकाठ,
आणि सगळ्या सभेनं घोट गिळला.

मग अंबादास गुंडेटी, तबला, एकल.
एकल म्हणजे तो आणि मी.
मी लेहरा धरतो: चंद्रकंसाची एक ओळ, सोळा मात्रा,
संपली की तीच,
संपली की तीच.
त्यानं लांब जावं, बोळाबोळांत हिंडावं,
आणि समेला परत यावं तेव्हा
घर होतं तिथंच असावं.
इतकंच माझं काम.

पेशकार झाला. कायदा रंगात आला.
आणि गल्लीतून हाळी: "पाणी आलंय बे!"

क्षणात सगळे मोर उघडे पडले.
आधी बाया, मग पुरुष, चपलांची अदलाबदल,
संयोजक गेले, हातात घालायचा राहिलेला हार,
चहावाला गेला, तंबोऱ्यावरची पोरगीही गेली.
मोटारी सुरू झाल्या, दिवे पिवळे पडले,
माईक एकदा खाकरला आणि मेला.
अंबादासनं माझ्याकडं बघितलं. थांबायचं?
मी भाता हलवत राहिलो.

उरला एकटा यादगिरी जॉबर,
दोन्ही कान मागांना देऊन टाकलेला.
फरशीवर तळहात टेकून तो ऐकत होता,
आणि त्याची मान समेवर
आमच्या आधी पोचत होती.

बाहेर घागरी भरत होत्या.
घागर भरत जाते तसा तिचा आवाज चढतो,
गळ्याशी आला की बारीक होतो, मग नुसतं सांडणं.
अंबादासनं ते टिपलं.
मनगट डग्ग्यावर सरकवत
त्यानं एक अख्खी घागर भरली.

कविता शेवटी ठेवली होती. राजमणी चिप्पा
पाळीची वाट न बघता आल्या,
ओचा ओला, पायांची ठसे-रांग मोरांवरून.
कागद नव्हता. हात हवेत पान वळत होते.
"ओकटी, रेंडू, मूडू," असं सुरू झालं, मग मराठीत:

हजार झाल्या की दिवस बांधून होतो.
दोरा माझा, धूर दुसऱ्याचा.
पोरीच्या वहीला तंबाखूचा वास.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, वही बदला.
मी हात बदलले असते.

अंबादास नुसत्या ठेक्यावर आला,
तोही बोटांच्या टोकांनी.
लोक परतत होते, एकेक, ओल्या पावलांनी,
कुणाची जागा कुठली हे कुणी विचारलं नाही.

नंतर चहा घेताना राजमणीबाई म्हणाल्या,
"तुम्ही सारखी एकच ओळ वाजवत होता.
मला वाटलं, पुढचं येत नसेल."
मी म्हणालो, "नाही येत."

घरी पोचलो तर नळ गेलेला.
दारात दोन घागरी, भरलेल्या,
वर बश्या झाकलेल्या.
कुणी ठेवल्या, सकाळी विचारीन.